विहिरीपाशी उभा माणूस

बहात्तरच्या दुष्काळात वडवणीला सोसायटीच्या गोदामात मिलो वाटायचे. त्या लाल ज्वारीचा ट्रक यायला उशीर झाला की चेअरमन विठ्ठलराव रांगेतल्या लोकांना आत बसवून सिनेमा दाखवायचे. बंद पडलेल्या सिनेमाच्या तंबूतून त्यांनी मशीन आणि एकच रीळ आणलं होतं. विलायती, मुका सिनेमा. घोडे, धूळ, विहिरीपाशी उभा एक उंच माणूस. मधे मधे कुणीतरी जोडलेल्या मराठी पाट्या यायच्या.

"आश्रुबा, वाचून दाखव. येतं ना वाचाया?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"येतं की," मी म्हणालो. मी गोदामातला हमाल. मला एक अक्षर येत नव्हतं.

पाटी आली की सुचेल ते सांगायचो. उंच माणूस पाणीचोर आहे, असं सांगून टाकलं.

"लटकवा मेल्याला!" भिवराबाई ओरडली. उपाशी माणसं पोट धरून हसली. मला बरं वाटलं.

सटवा तेवढा चार यत्ता शिकलेला. "पाटीवर तसं न्हाई बे. हीर त्याचीच हाय."

"लई शाना! मंग मिलो सोडून मास्तर हो की," मी म्हणालो. लोकांनी त्यालाच गप्प बसवलं.

दुसऱ्या खेपेला विहिरीमागच्या झाडाला दोर होता. आधी नव्हता. मी पाहिलं, आणि पुन्हा तेच सांगितलं.

तिसऱ्या खेपेला दोर त्याच्या गळ्यात होता. तो माझ्याकडे बघत होता.

मी गोदामाचं काम सोडलं.

साठी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो. गेल्या उन्हाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ ते रीळ शोधत आले. जगात याची दुसरी प्रत उरलेली नाही, म्हणाले. भर दुपारी त्याच गोदामात त्यांनी ते लावलं.

मी मनातल्या मनात वाचलं. ‘ही विहीर माझ्या बापाने खणली.’ मग, ‘तहानलेल्याला मी कधी नाही म्हटलं नाही.’

माझी मान खाली गेली.

वर पाहिलं तेव्हा दोर धरलेली माणसं थांबली होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

"बाबा, गोष्ट तुम्हीच सांगायचात ना? काय सांगायचात?" पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं.

सोडा त्याला, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तेव्हाचं खोटंही या शिकलेल्या माणसापुढे कबूल करावं लागलं असतं.

"न्हाई आठवत," मी म्हणालो.

कापडावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"मशीन तर मी बंद केलंय," गृहस्थ पुटपुटले.

त्या मुक्या सिनेमात तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. दोर करकरल्याचा.