जीवचुना

राजमणीने दाराची चौकट तासून रुंद केली की आठवडाभरात ती पुन्हा भरून येई. आधी कडांवर पांढरी साय धरे, मग ती दगडासारखी घट्ट होई. यादगिरीची चाकाची खुर्ची दारात अडकली की राजमणी छिन्नी-हातोडी घेऊन बसे. हे घर मुळात खेळाडूंसाठी बांधलेलं, धडधाकट माणसापुरतं दार असलेलं. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला उचलून बाहेर नेण्याची ताकद तिच्यात नव्हती.

गिरण्या बंद पडल्यावर सोलापूर कित्येक वर्षं नुसतं कण्हत होतं. मग जागतिक क्रीडामहोत्सवाचं यजमानपद मिळालं, पण बांधकामाला मुदत फार थोडी होती. म्हणून शास्त्रज्ञांनी जीवचुना पेरला. जीवचुना म्हणजे जिवंत चुना. त्यातले जीवाणू पाण्यातली खनिजं शोषून चुना तयार करत आणि एकमेकांना रासायनिक इशारे देत. त्यांच्या जनुकांत नव्या शहराचा आराखडाच कोरलेला होता. कुठे तडा गेला, तर त्या आराखड्याबरहुकूम तो बुजवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. स्टेडियम, पूल, इस्पितळ, घरं, सगळं एखाद्या रोपासारखं उगवलं. महोत्सव थाटात झाला आणि मेलेलं शहर जिवंत झालं म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या.

स्टेडियमसाठी ज्यांच्या गल्ल्या पाडल्या होत्या, त्यांना मग ही घरं मिळाली. राजमणी हरखून गेली होती. गळती नाही, पोपडे नाहीत. पण भिंतीत ठोकलेले खिळे बाहेर ढकलले जाऊ लागले. देवाचा कोनाडा बुजला. खालच्या शेजाऱ्याने दुकानासाठी पाडलेली खिडकी मिटली. मग प्रत्येक घरातून ठोकाठोकीचा आवाज येऊ लागला.

तक्रारी वाढल्या तेव्हा डॉ. हेमांगी उकिडवे आल्या. जीवचुना बनवणाऱ्यांपैकी त्या एक. जमिनीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि चौकटीवरून बराच वेळ हात फिरवला.

"एवढं एक दार विसरायला सांगा त्याला," राजमणी म्हणाली.

"त्याला दार कळत नाही, मावशी. ओरखडा कशाने उठला हे आपली कातडी विचारते का? ती भरून येते. तुम्ही तासलेलं दार त्याला जखम वाटतं."

"मग मारून टाका त्याला."

डॉक्टरांनी चौकटीवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी समजावून सांगितलं. सगळं शहर आता एकच शरीर झालं होतं. इथे घातलेलं विष इमारतींच्या पायांतून झिरपत पुलापर्यंत, इस्पितळापर्यंत पोचणार, आणि मेलेल्या जीवचुन्याचा भुगा होतो. आराखडा बदललेले नवे जीवाणूही सोडून पाहिले होते. जुन्यांनी ते रोगजंतूंसारखे संपवले.

"आमच्यासाठी काहीच जागा ठेवली नव्हती त्यात?" राजमणीने विचारलं.

"आराखड्यात राहणारी माणसं नव्हती, मावशी. पाहुणे होते."

जाताना त्यांनी सुचवलं की शहराबाहेर जुन्या विटांचा एक आश्रम आहे, तिथे यादगिरीची सोय होईल. तिथे फक्त रुग्णांना ठेवून घेत. राजमणीने नकारार्थी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छिन्नी घेतली. लिफ्टने उतरलं की खालीच चौक होता; तिथे जुने मागवाले विणकर जमत, तेलुगूत गप्पा मारत. तेवढ्यासाठीच यादगिरी सकाळ होण्याची वाट पाही.

शेवटी तिचं मनगट गेलं. हातोडी उचलेना. डाव्या हाताने मारलेला घाव निसटून बोटांवर बसला, तेव्हा यादगिरी जड जिभेने म्हणाला, "ठेव ती. भरू दे."

"मग आश्रमात जाता का?"

"तुला सोडून? नको."

त्याची खुर्ची तिने खिडकीशी नेली.

चौकट कडेपर्यंत भरून आली, गुळगुळीत, जणू तिला कुणी हात लावलाच नव्हता. पाठोपाठ फरशीवरचे चाकांचे ओरखडेही बुजले. शेजाऱ्यांनीही एकेक करून हत्यारं ठेवून दिली. इमारतीत आता शांतता असते. खिडकीतून यादगिरीला रिकामं स्टेडियम दिसतं, कालच बांधल्यासारखं पांढरंशुभ्र. त्याच्याकडे पाठ करायची म्हटली तर खुर्ची वळवावी लागते, आणि ते त्याला एकट्याने जमत नाही.