दुसऱ्याच्या हातची काडतुसं

इंगाच्या पिस्तुलातून उडालेली गरम पुंगळी शेजारच्या माणसाच्या कॉलरमध्ये शिरली. त्याने आपलं पिस्तूल आधी नीट टेबलावर ठेवलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं; पण नंतर त्याने जो नाच केला, तसा लूनफील्ड नेमबाजी क्लबच्या तळघरात कुणी कधी पाहिला नव्हता.

"अगंबाई! माफ करा हं... भाजलं का?"

"नाही. म्हणजे... हो." शर्ट झटकता झटकता पुंगळी खाली पडली. ती त्याने उचलली, तिच्यावर फुंकर घातली आणि इंगाच्या तळहातावर ठेवली. "घ्या. पुन्हा भरा आणि पुन्हा मारा मला."

इंगा हसली. मग तिची नजर आपल्या पिस्तुलावर गेली आणि हसू विरलं. पुढचं काडतूस आत अर्धवट घुसून अडकलं होतं. वरची स्लाइड तोंड उघडं टाकून थांबलेली... आजही!

"इंगा!" मागून आर्डेलचा आवाज आला. आर्डेल म्हणजे क्लबचा प्रशिक्षक, सत्तरीचा, अंगावर कायम तोच लाल चौकड्यांचा शर्ट. "पुढच्या शनिवारी सामना आहे, पोरी. आणखी एकदा अडकली, तर तुझ्या जागी माझा मेव्हणा उभा राहील. त्याचा नेम वाईट आहे, पण त्याची बंदूक चालते."

संघातल्या त्या जागेसाठी इंगाने तीन हिवाळे वाट पाहिली होती. स्प्रिंग बदलून झाली, मॅगझिनं बदलून झाली, तेल जास्त घालून झालं, कमी घालून झालं. क्लबातल्या प्रत्येकाने सल्ला दिला होता, आणि प्रत्येकाने तो बंदुकीबद्दलच दिला होता. काडतुसांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. रिकाम्या पुंगळ्यांत बारूद आणि गोळी घालून ती काडतुसं इंगा स्वतः घरी भरायची. आणि दुसऱ्याच्या हातच्या काडतुसांना नावं ठेवणं म्हणजे जेवायला बसून यजमानाने वाढलेल्या ताटातला केस दाखवण्यासारखं.

शेजारच्या माणसाने मात्र ते अडकलेलं काडतूस पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

त्याचं नाव थेरॉन विकस्ट्रॉम. तो पलीकडच्या हॅडली क्रॉसिंग गावचा, म्हणजे शनिवारच्या प्रतिस्पर्ध्यांपैकीच. त्यांच्या नेमबाजीच्या रेंजवरची ऊब देणारी भट्टी ऐन जानेवारीत बंद पडली, म्हणून ते इकडे सरावाला येत होते. बर्फात शेजाऱ्याला दार बंद करायचं नसतं, एवढं शत्रुत्वातही पाळलं जातं.

जाताना कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावत तो म्हणाला, "तुमचा... तुमचा प्रेस एकदा बघू का?"

"पहिल्याच भेटीत?" इंगाने भुवया उंचावल्या.

तो कानापर्यंत लाल झाला. "काडतुसं भरायचा. तोच प्रेस."

"मग दुसरा कुठला? उद्या दुपारी या. आणि बटणं नीट लावा, गारठून मराल."

रविवारी दुपारी ऊन पडलं होतं. गॅरेजच्या छपरावरचं बर्फ वितळून थेंब थेंब ठिबकत होतं. इंगाने कॉफीचा मग त्याच्या हातात दिला आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बसा तिथे. बारूद घालताना मला कुणी बोललेलं चालत नाही. लक्ष उडालं तर एकात दुप्पट जायची, नाहीतर एक कोरडंच राहायचं."

"मलाही चालत नाही," तो म्हणाला, आणि खरंच गप्प झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. प्रेसचा दांडा खाली यायचा, वर जायचा. मोजलेली बारूद पुंगळीत पडायची, वर गोळी बसायची. तो तिची बोटं बघत होता. ती दांडा ओढताना हळूच त्याच्याकडे बघत होती. नजरानजर झाली की दोघंही कॉफीत बघत... तिची कॉफी तर केव्हाच संपली होती.

हात थांबल्यावर तो उठला. तिच्या पिस्तुलाची नळी काढून उभी धरली आणि तिच्या डब्यातलं एक काडतूस वरून सोडलं. ते मध्येच रुतलं. मग त्याने खिशातून आपलं एक काढलं आणि सोडलं. टप! थेट तळाला.

त्याने फक्त प्रेसवरच्या साच्याच्या कड्याला बोट लावलं. कडं गरगर फिरलं.

इंगा त्या कड्याकडे बघतच राहिली. गोळी बसवायला पुंगळीचं तोंड थोडं फाकवावं लागतं आणि शेवटी पुन्हा आवळून घ्यावं लागतं. आवळणारा साचाच ढिला होऊन वर सरकला होता. सगळा हिवाळा ती फाकलेल्या तोंडाची काडतुसं भरत होती आणि शिव्या मात्र बंदुकीला देत होती.

"कालच कळलं होतं ना तुला?" रागाच्या भरात ती अहो-जाहो विसरली.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढ्या लोकांसमोर?" तो मान खाली घालून म्हणाला. "शिवाय... दोष कड्याचा आहे."

"आणि कडं ढिलं कुणी ठेवलं होतं?"

"मी... आणखी कॉफी करू का?"

ती खो खो हसली. त्या दिवशी त्याने तीनदा कॉफी केली, आणि तिन्हीदा ती वाईट झाली.

शनिवारी दोन्ही गावांचे पाच-पाच नेमबाज ओळीत उभे राहिले. इंगाच्या डावीकडे थेरॉन. सराव फेरीसाठी काडतुसं भरण्याचा हुकूम झाला. इंगाने मॅगझिन घातलं, स्लाइड सोडली... आणि ती अर्ध्यावरच थांबली.

इंगाने डबा पाहिला. नवी काडतुसं घरी राहिली होती! फोडून पुन्हा भरायची म्हणून बाजूला ठेवलेली जुनी काडतुसं तशाच पांढऱ्या डब्यात होती, आणि सकाळच्या गडबडीत तिने तोच उचलला होता.

"दहा मिनिटं," लॉर्ना म्हणाली. लॉर्ना त्या दिवशीची पंच. "मग मी सुरू करणार, इंगा. नाइलाज आहे."

संघात इंगाच्या मापाचं पिस्तूल आर्डेलकडेच होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने खेदाने मान हलवली. "पोरी, माझ्या हातची काडतुसं मी माझ्या बायकोलाही देत नाही. उद्या तुझ्या हाताला काही झालं तर? आपली आपण भरायची, आपली आपणच मारायची."

मेव्हणा कोट काढू लागला.

तेव्हा डावीकडून एक डबा सरकत आला.

"माप तेच आहे," थेरॉन म्हणाला. "स्प्रिंगही तुझ्या पिस्तुलासारखीच. नळी काढ, एकेक बघून घेऊ."

"थेरॉन!" त्याच्या संघातलं कुणीतरी ओरडलं. "अरे, कुणाकडून खेळतोयस तू?"

त्याने ऐकलंच नाही. त्याच्या लांब बोटांतून एकेक काडतूस तिच्या नळीत पडत गेलं. टप. टप. टप. सगळी तळाला. पण आत बारूद किती आहे, हे बाहेरून दिसत नाही. ते भरणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि तिथे माणसावरच भरवसा ठेवावा लागतो.

इंगाने वर पाहिलं. "कुणाला दिली आहेस कधी?"

"नाही."

"मीही कुणाची मारली नाहीत."

तिने मॅगझिन भरलं. स्लाइड खट्‌कन मिटली. आर्डेलने टोपी काढून छातीशी धरली होती, का ते त्यालाच माहीत.

तिचं पिस्तूल शेवटपर्यंत एकदाही अडकलं नाही. लूनफील्ड जिंकलं, आणि थेरॉनचा नंबर दोन्ही संघांत मिळून शेवटचा लागला. आपल्याहूनही वाईट नेम पाहून मेव्हणा भलताच खूश झाला.

बाहेर संध्याकाळचा निळसर उजेड होता. भुरभुर बर्फ पडत होतं. थेरॉन आपल्या पिकअपच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. इंगा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"इतकं वाईट मारतोस होय रे तू?"

"एरवी नाही."

"मग आज काय झालं?"

तो खरवडतच राहिला. "वर्षानुवर्षं मी स्वतःची काडतुसं मारतोय. एकदाही शंका आली नाही. आज तू चाप ओढलास की... दर वेळी वाटायचं, यात काही चुकलं तर नसेल? तुझ्या गोळीचा आवाज नीट आला की मग मी माझी मारायचो. घाईघाईत. डोळे बहुतेक मिटलेलेच."

पापण्यांवर बर्फ साचलं तरी इंगाला कळलं नाही.

"आणखी एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझ्याकडचं कामाचं टेबल लांब आहे. खिडकीही आहे. परवा मी... त्याला आणखी चार भोकं पाडली. तुझ्या प्रेसच्या बोल्टसाठी."

"माझ्या प्रेसच्या?"

"हो."

"आधी भोकं पाडायची आणि मग विचारायचं, अशी पद्धत आहे का तुमच्या गावात?"

"भोकं पाडणं सोपं होतं," तो अगदी खरं बोलला.

इंगाने त्याच्या हातातली खरवडायची पट्टी काढून घेतली, उरलेली काच दोन फटकाऱ्यांत साफ केली आणि दार उघडून पिकअपमध्ये जाऊन बसली.

"चल, दाखव," ती म्हणाली. "भोकं सरळ असली तर हो म्हणेन."

"आणि... वाकडी असली तर?"

"तर ड्रिल माझ्याकडे दे. पण आता आत ये ना रे, किती थंडी आहे!"