आजचं तेवढं सांग

"चल ना रे ए! नवरी मुलगीसुद्धा एवढा वेळ लावत नाही!"

तिनं टेबलावर थाप मारली, आणि पाठीमागून आवाज आला, "आलो. पण… जायचंय कुठे?"

तिनं गर्रकन वळून पाहिलं. खांद्याला बॅग, चष्म्याच्या काचेवर पावसाचे चुकार थेंब, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"तुम्हाला नाही हो! या रिपोर्टला म्हणाले."

"मग बरोबर आलो. मीही त्याच्यासाठीच आलोय."

कंपनी बटणं बनवायची. शर्टाची, कोटाची, बाळाच्या झबल्याची. कोणतं बटण किती खपलं आणि किती परत आलं, याचा रिपोर्ट ती तयार करायची. रिपोर्ट अचूक असायचा, पण उघडायला घेतला की स्क्रीनवर पांढरं चाक फिरू लागायचं आणि फिरतच राहायचं. हिशेब लिहिणारे काका, म्हणजे सगळ्यांचे हिशेबकाका, लगेच हाक द्यायचे, "फिरलं का चाक? चला, चहा!" आणि अख्खं ऑफिस उठायचं. शेवटी मुख्य कचेरीनं याला पाठवलं होतं, रिपोर्टला पळायला शिकवायला. तो इतकं समजावून सांगायचा, की पहिल्याच दिवशी तिनं त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं.

मास्तरांनी नमुन्याच्या बटणांची बरणी टेबलावर उपडी केली.

"हे लाल बटण. याला विचारायचंय, की बाबा रे, तू सरासरीपेक्षा जास्त वेळा परत आलास का? मग ते काय करेल?"

"आधी सरासरी काढेल."

"म्हणजे सगळी बरणी मोजेल. आता हे निळं?"

"तेही… सगळी मोजेल?"

"आणि हे हिरवं?"

"अगं बाई!" तिनं कपाळाला हात लावला. "म्हणजे माझा फॉर्म्युला प्रत्येकाला अख्खी बरणी मोजायला लावतो!"

"आणि तुमच्या ओळी आहेत चाळीस हजार."

"बिचारी बटणं…"

"उत्तर बरोबरच येतं हं. फक्त फार कष्टानं येतं. म्हणून सरासरी एकदाच काढायची, तिला एक नाव द्यायचं आणि बाजूला जपून ठेवायची. प्रत्येकानं तिकडे नुसतं बघायचं." एवढं बोलून त्यानं बटणाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं. गरजेपेक्षा जरासं जास्तच.

झालं! त्या क्षणापासून तिची मोजणी सुरू झाली.

घरी आत्या कुणाच्या तरी पँटीला दुमड घालत बसली होती.

"आत्या, आज त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. म्हणजे बघ, पहिल्यांदा मी 'चल ना रे' म्हणाले, तर तो 'आलो' म्हणाला. मग बरणी. मग तसं बघणं. मग काल छत्री माझ्याकडे कलती धरली, स्वतःचा खांदा भिजला तरी. तर सगळं धरून… काय वाटतं तुला?"

आत्यानं दातानं दोरा तोडला. "कालही 'चल ना रे'पासून सुरू केलंस. परवाही. अगं, मागचं सगळं मला पाठ झालंय. आजचं तेवढं सांग!"

इकडे रिपोर्ट रोज थोडा चपळ होत होता. त्यात असे आडमुठे फॉर्म्युले पोत्यानं भरले होते, आणि मास्तर एकेकाला वळण लावत होते. चाक आता थोडंच फिरायचं, तशा ते फिरेपर्यंत चालणाऱ्या त्या दोघांच्या गप्पाही आखूड होत चालल्या. हिशेबकाकांनी तर तोंडच पाडलं होतं.

"मास्तर, तुमचं भलं होवो. पण कप ओठाला लावतो न लावतो, तोच आकडे हजर! माणसानं जगायचं कसं?"

आणि एका दुपारी एकच फॉर्म्युला उरला.

"हा… उद्या करू या का?" ती म्हणाली.

"उद्या मी नसेन. दुसऱ्या शाखेत बोलावलंय. सकाळीच निघतोय."

त्यानं तो दुरुस्त केला. तिनं बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत रिपोर्ट समोर! कुणीही टाळी वाजवली नाही. मास्तर मान खाली घालून बॅगेची चेन ओढू लागले, आणि चेन अडकली. इकडे ती टेबलावरची नमुन्याची बटणं परत बरणीत भरत होती. शेवटचं लाल बटण तिच्या मुठीतच राहिलं.

सगळं धरून काय वाटतं… तिनं पुन्हा 'चल ना रे'पासून सुरुवात केली, आणि एकदम थांबली. अरे देवा. मीही तेच करतेय की! प्रत्येक वेळी अख्खी बरणी!

"मास्तर," ती म्हणाली, "अजून एक फॉर्म्युला राहिलाय. फार संथ आहे."

"कुठला?"

"कुणीतरी माझ्याकडे बघतं. आणि दर वेळी मी पहिल्या दिवसापासूनचं सगळं पुन्हा मोजत बसते. उत्तर काही येत नाही. काय करावं?"

चेनीवरची त्याची बोटं थांबली. "एकदाच… विचारून टाकायचं. उत्तर जपून ठेवायचं."

"मग विचारते. मी तुम्हाला आवडते का?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

"अहो," ती मूठ घट्ट आवळून म्हणाली, "तुमचंही चाक फिरतंय का?"

"हो. म्हणजे… हो, आवडता! उत्तर तर तुम्ही टेबलावर थाप मारलीत तेव्हाच तयार होतं. दाखवायलाच वेळ लागला." तो हसला. "रविवारी येतो. रिपोर्ट बघायला नाही."

तिनं लाल बटण त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे परत आणा."

कपाटामागून हिशेबकाकांचा आवाज आला, "देवा, निदान आज तरी चहा होऊ दे!"

संध्याकाळी ती घरात शिरली ती थेट आत्यासमोर जाऊन बसली.

"हं," सुईत दोरा ओवत आत्या म्हणाली, "आजचं तेवढं सांग."

"तो हो म्हणाला."

आत्याचा हात थांबला. तिनं सुई बाजूला ठेवली, पँट बाजूला ठेवली, आणि मांडी सावरून बसली.

"असं कसं, एवढंसंच? नीट, पहिल्यापासून सांग बघू!"