कोपऱ्यातली मोकळी जागा

मला यंत्रांचा राग येत नाही, माणसांचा येतो. यंत्र बिघडलं की सरळ आवाज करतं, माणूस मात्र सबबी सांगत बसतो. चितेगावच्या कारखान्यांतली शीतयंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, आता आरोग्य खात्याच्या कंत्राटावर तेच काम करतो. त्यामुळे मे महिन्यात संभाजीनगरच्या एका लसभांडाराच्या प्रमुख रत्नमाला मॅडमचा फोन आला, तेव्हा तिथे पोहोचायच्या आधीच माझा संशय तयार होता.

त्या भांडारात एक थंड खोली आहे. खोली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा मोठा फ्रिजच. तालुक्यांना जाणाऱ्या लसींच्या पेट्या तिथे रचलेल्या असतात. आतलं तापमान आठ अंशांवर गेलेलं चालत नाही, आणि रोज दुपारी ते साताच्या पुढे सरकत होतं. शिवाय नवा माल आत मावत नव्हता. उरलेल्या पेट्या बर्फाच्या खोक्यांत घालून बाहेर ठेवल्या होत्या.

"खोली तेवढीच, माल तेवढाच," मॅडम म्हणाल्या. "मग जागा कशी काय कमी पडतीय? आणि आठाच्या वर गेलं तर सगळा साठा बाद. फुलंब्रीकडं डांग्या खोकला सुरू झालाय, माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं! माझी लेक प्रेरणा फुलंब्रीलाच दिलीय. तिची दीड महिन्याची पोर, माझी पहिली नात, दुसऱ्या दिवशी पहिला डोस घेणार होती आणि तो याच साठ्यातून जाणार होता. त्यांच्या गल्लीतलं एक लेकरू खोकून खोकून निळं पडलेलं प्रेरणाने पाहिलं होतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्त चिडतो.

यंत्र तपासलं, ठणठणीत. दाराचं रबर नवं. आत गेलो तर मागचा कोपरा रिकामा! माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा सोडून पेट्या तिच्याभोवती नीट रचलेल्या. मी तिथल्या भिंतीला हात लावला. बाकी भिंती गारठलेल्या होत्या, एवढीच कोमट होती, कुणीतरी आत्ता गादीवरून उठून गेल्यासारखी.

बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. म्हटलं, आलं ध्यानात. शिपाई कडुबा दुपारचा इथे येऊन लवंडत असणार.

"काय कडुबा, झोप बरी लागते का आत?"

त्याने मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

"म्या कशाला झोपू, साहेब? म्या तर दार उघडं ठिवल्याबिगर आत पाय टाकत नाय."

"मग ही जागा कुणासाठी राखलीय?"

"राखाया लागती. भरली की पेट्या सरकत्यात. मोकळी ठिवली की गप ऱ्हातंय."

"काय गप राहतं?"

"तुमी शिकलेली मानसं. तुमीच बघा."

मी माझं स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि कडुबाला समोर बसवून चहा मागवला. तो चहाला शिवला नाही. दारावरचा तापमानाचा आकडा हळूहळू चढत होता. शेवटी मी कुलूप काढून आत गेलो. कोपऱ्यालगतच्या पेट्या बाजूला सरकल्या होत्या. कुणी ढकललेल्या नव्हत्या, एकही तिरपी नव्हती. अवघडून बसलेल्या माणसाने पाय पसरण्यापुरती जपून जागा करून घ्यावी, तशा सरकल्या होत्या.

दुसरी किल्ली? मागून वाट? मी भिंतीमागे जाऊन पाहिलं. तिथे सावलीतला बोळ होता आणि भिंत धड होती.

मी घाबरलो होतो हे कबूल करतो. पण त्याहून मोठा राग आला. इथे लेकरांच्या लसी बाहेर ठेवायच्या आणि एक कोपरा असा अडवून ठेवायचा? बाहेरच्या पेट्या मी स्वतः उचलून आत नेल्या. हवा खेळण्यापुरती भिंतीपासून फट ठेवली आणि कोपरा रचत आणला.

"साहेब, समदं भरू नका," कडुबा दारातून म्हणाला. "जरा तरी ऱ्हाऊ द्या. ते जाईल कुठं?"

मी शेवटची पेटी ठेवली. ती अगदी बरोब्बर बसली.

फुलंब्रीला लेकीकडे जायला गेटमधून निघालो तेव्हा बाजूच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी किणकिणायला लागली. सीट रिकामी होती, माझी पिशवीसुद्धा मागे होती. सीटखालची वायर सैल झाली असणार. हर्सूलपर्यंत सहन केलं, मग वैतागून रिकाम्या सीटवर पट्टा अडकवला आणि आवाज थांबला.

चौका गावाजवळ मॅडमचा फोन आला.

"काय जादू केलीत हो? खोली एकदम चारावर आलीय. सगळा माल बसला, वर जागा उरली!"

कुप्यांवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणा तपासल्या, एकही बाद नाही, असं त्या सांगत होत्या. नातीचा डोस वाचला होता. मला इतका आनंद झाला की कडुबाला संशयाने बोललो त्याबद्दल माफी मागायचंही ठरवलं. काच खाली केली, कारण एसी चालू असूनही डावीकडून ऊब येत होती.

दिवेलागणीला फुलंब्रीत पोहोचलो. बाळ गोधडीच्या मधोमध झोपलं होतं. प्रेरणा चहा टाकायला आत गेली. मी हातपाय धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून परत आलो.

बाळ गोधडीच्या कडेला होतं.

दीड महिन्याचं लेकरू आपणहून सरकत नाही. दुपट्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"पप्पा, कडेला कशाला ठेवलं तिला?" कप घेऊन आलेली प्रेरणा म्हणाली.



तेवढ्यात बाळाने डोळे उघडले. प्रेरणाने कप तसाच खाली ठेवला.

"पप्पा, हसली बघा! आजवर कुणाकडंच बघून हसली नव्हती. तुम्हाला बघून हसली!"

मी तिच्या पायाशी उभा होतो. ती बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.