मागशील तेव्हा सांगेन

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्याने निघाली आणि वळणावर त्याच्या लॅपटॉपवरच धडकली. टेस्टिंगमध्ये नुकताच आलेला तो पायरीवर बसून पडद्याकडे डोळे वटारून बघत होता.

"सगळा कोड जोडून प्रोग्राम तयार करणाऱ्या बिल्डबाई तुम्हीच ना? तुमची स्क्रिप्ट म्हणते फोल्डर नाही. मला तर ढळढळीत दिसतंय."

ती शेजारी टेकली. खिडकीतून पावसाचे तुषार दोघांच्या बाहीवर येत होते.

"फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय, त्याच्या किमतीमागे, कॉमेंटच्या आधी, एक स्पेस राहिलीय. यंत्र तीही नावातच धरतं." तिने कडेच्या स्पेस झाडून टाकणारं फंक्शन लावलं.

"एवढुशा रिकाम्या जागेपायी सकाळ वाया गेली."

"गेली?"

"मघापर्यंत तसं वाटत होतं..."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा तिच्या खांद्यावरून डोकावत तो म्हणाला, "नुसतं बरोबरचं चिन्ह का टाकतेस गं? आधी कोलन दिलास तर किंमत तिथल्या तिथे ठरते."

"घाई काय आहे? नुसत्या चिन्हाने किंमत वापरायच्या वेळी ठरते. मागशील तेव्हा सांगेन, अशी आहे ती."

"आणि तोवर फाईलमध्ये खाली कुणी ती बदलली तर?"

"माझ्या फाईलला हात लावायची छाती आहे कुणाची?"

मग त्याला दूरदेशी नोकरी चालून आली. कॅन्टीनमध्ये चहाचा कप नुसताच फिरवत तो म्हणाला, "जाऊ की थांबू... तू सांग."

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण स्वभाव! "आत्ताच कशाला? बघू ना. मुदत आहे ना तुला?"

त्याने कप खाली ठेवला. "आहे."

तिने देवापुढे हात जोडून तो शब्द किती वेळा घोकला, ते त्या देवालाच ठाऊक. अखेर एका सकाळी पर्सही न ठेवता ती त्याच्या टेबलाशी गेली. "थांब. माझ्यासाठी थांब."

त्याने लॅपटॉप मिटला. "काल तिकडच्या करारावर सही केली गं."

"मोडता येईल की."

"सही मोडता येईल. पण तुला मी नकोय, अशी मनाची समजूत घातली मी... फार कष्टाने. ती आता उसवत नाही."

"माझं उत्तर तेव्हाही हेच होतं."

"असेल. मी मागितलं, तेव्हा आलं नाही."

तो गेला. साहेब म्हणाले, "बिल्डचा मेल जातो त्यातून त्याचं नाव काढ." यादीतून नेमका एक शब्द गाळणारं फंक्शन असतं, ते तिने लिहिलं. या वेळी बरोबरच्या चिन्हाआधी कोलन आपसूक पडला.

बिल्ड सुरू झाला. ओळीमागून ओळी सरकत होत्या, आणि ती मनात विनवत होती — देवा, एखादी तरी चूक दाखव, कुठेतरी अडू दे...

कुठेच अडलं नाही. शेवटी हिरव्या अक्षरांत उमटलं, सगळं ठीक.