अजून एकदा

ऐका, पण मध्ये कुणी खोकू नका. ही थाप नाही. त्या ऑपरेशन थिएटरात मी बावीस वर्षं फरशी पुसली, आणि ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते आमचे हाडांचे डॉक्टर.

तिथली सिस्टर म्हणजे त्यांचीच बायको. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. हात इवलेसे, ग्लोव्हज सहा नंबरचे. काम झालं की काढलेल्या जोडीला गाठ मारून टाकायच्या. गुडघ्यातली तुटलेली दोरी बदलली, की डॉक्टर नवी दोरी हाडात स्क्रूने आवळून ओढून बघायचे. ताई म्हणायच्या, "अजून एकदा." घरी कुलूप लावलं तरी तेच! डॉक्टर चिडायचे, पण ओढायचे.

ताई गेल्या आणि माणूस निम्मा झाला. घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून उगाच वॉर्डात रेंगाळायचे. बघून जीव तुटायचा.

नऊ जानेवारी, गुरुवार. हत्यारं वाफवायचं मशीन बिघडलं, म्हणून शेवटचं ऑपरेशन रात्री साडेनऊला सुरू झालं. पेशंट वायरमन. पाय गेला की खांब गेला, खांब गेला की घर उपाशी. बायको बाहेर बाकावर बसलेली.

अकरा दहाला स्क्रू बसला. डॉक्टरांनी दोरी ओढली. घट्ट. गुडघा वाकवला, सरळ केला.

"चला, शिवून घेऊ..."

ते थांबले. मान वळवली.

"कोण बोललं?"

नवी सिस्टर भूलवाल्या डॉक्टरांकडे बघायला लागली. भूलवाले डॉक्टर तिच्याकडे. मी दारात... मलाही काही ऐकू आलं नव्हतं.

"अजून एकदा, असं कोण म्हणालं?"

कुणीच नाही.

त्यांनी पुन्हा ओढली.

दोरी सुळकन सरकली...

त्यांनी जाड स्क्रू मागितला. बसवला. दोरी ओढली. मग कान देऊन उभे राहिले. नुसती मशीनची टिकटिक.

"बोल ना गं..."

काही नाही. शेवटी स्वतःच म्हणाले, "अजून एकदा." ओढली. दोरी हलली नाही.

वायरमन आजही खांबावर चढतो.

सगळे गेल्यावर मी कचरा उचलला. ऑपरेशनभर ग्लोव्हज घालून टेबलाशी होते डॉक्टर आणि नवी सिस्टर. दोघंच. बादलीत ग्लोव्हजच्या जोड्या तीन.

तिसरी सहा नंबरची. गाठ मारलेली.

हात लावला...

आतून अजून गरम होती.