डोहाले 'येतो' म्हणू नये

आमच्या तोंडून निघणाऱ्या दहा गोष्टींपैकी नऊ थापा असतात, हे अख्ख्या दर्यापूर तालुक्याला ठाऊक आहे.

ही दहावी.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, त्यानं वऱ्हाडातला वैशाख पाहिलेला नसावा. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, अशा भर दुपारची ही घटना आहे. साल बासष्ट. जागा पूर्णा नदीचा घाट. आणि ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं तो देवराव, माझा सख्खा मामा.

आदल्या पावसाळ्यात माणसं घेऊन बाजाराला निघालेला डोंगा, म्हणजे गावची नाव, तिथं पुरात बुडाला होता. पाणी ओसरू लागलं तसे गावातले चार-पाच पट्टीचे पोहणारे आपणहून उतरले आणि बुड्या मारून माणसं काढू लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं. त्यांत सगळ्यात खोल जाणारा पुंजाजी. त्याच्या कमरेचा दोर काठावर धरायचा तो मामानं.

काठावर जो कुणी रडत होता, त्याचं माणूस सापडेपर्यंत बुड्या चालल्या.

रडणं थांबलं.

बुड्याही थांबल्या.

फुटाणे विकणारी मैनाबाई तेवढी खालीच राहिली. तिच्यासाठी काठावर कुणी आलंच नव्हतं...

वैशाखात नदी आटली आणि घाटापाशी डोह उरला. डोंगा तळाशी गाळात रुतलेला. नवा कोण देतो? जुनाच वर काढू, असं ठरलं आणि तो कितपत धड आहे हे पाहायला पुंजाजी उतरला.

दोर सरसर गेला.

मग थांबला.

मामा वाट पाहत राहिला. हिसका नाही... बुडबुडा नाही... टिटवीसुद्धा गप्प.

आता ओढावंच, म्हणून मामानं हातावर थुंकी लावली, तेवढ्यात पुंजाजी आपणच वर आला. सावकाश. कुणाकडे चहापाणी घेऊन निघावं तसा. छातीभर पाण्यात आला, मागं वळला आणि डोहाला म्हणाला, "येतो मंग."

आणि खालून...

"ये."

मामाला वाटलं, समोरच्या दरडीवरून पडसाद आला. पण 'येतो मंग'चा पडसाद 'मंग' असा यायला हवा. आणि तो बाईच्या आवाजात तर येऊच नये.

"कोनाले म्हनलं बे?" मामानं विचारलं.

पुंजाजी काठावर बसला. अंग पुसलं नाही.

"खाली डोयाले काई दिसत नाई, देवराव. हातानं चाचपलं. फळी लागली. मंग लुगडं लागलं... मी थांबलो. तं थे सरकली."

"कोन सरकली?"

"डोंग्यात नवं मानूस चढलं का बसलेलं सरकते ना? तशी. मले जागा करून देल्ली."

"गाळ सरकला असन."

"गाळ जागा करून देत नाई."

"अन् मंग तू येतो काऊन म्हनला?"

"निंगताना काय म्हनू? जातो म्हनू?"

खरंच होतं. आपल्यात 'जातो' कुणी म्हणत नाही. जाणारा फक्त तिरडीवरून जातो.

पुंजाजी एकटा माणूस. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. दुसऱ्या दिवशी मामा त्याला हाक मारायला गेला. पुंजाजीनं दार ओढलं, कडी घातली आणि त्या रिकाम्या घराला म्हणाला, "येतो."

बंद दाराआडून...

"ये."

मामाच्या तोंडातली बिडी खाली पडली.

"कवापासून?"

"कालपासून," पुंजाजी म्हणाला. आणि नव्या नवरदेवासारखा लाजला.

पण मामाचं डोकं शाबूत होतं.

"लेका, तू येतो म्हनला अन् थे वाट पाहून राह्यली. आज घरात आली, उद्या तुले घेऊन जाईन. चाल आत्ताच. डोहावर जाऊन तोंडानं जातो म्हन. तोडून टाक."

पुंजाजीनं वळून दाराकडे पाहिलं. पण आला. पाण्यात गुडघाभर उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "जातो वं बाई."

पाण्यातून काहीच आलं नाही.

काहीच नाही...

त्या दिवसापासून घरही मुकं झालं. मामा सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागला. पुंजाजी मात्र उंबऱ्यावर बसून राहायचा, पाठ दाराला लावून. कान दाराला लावून म्हटलं तरी चालेल.

एकदा त्यानं विचारलं, "देवराव, तू घरून निंगतो तवा तुले ये कोन म्हनते?"

"बायको म्हनते. पोट्टे म्हनतात. म्हैस बी मान हालवते."

"बरं हाय तुमचं."

आणि पाठ पुन्हा दाराला लावली.

पुढं एका दुपारी मामा निंबाखाली पडला होता. समोरून पुंजाजी गेला. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल, नीट पाडलेला भांग.

"कुठं, लग्नाले चालला का?"

पुंजाजी थांबला. हसला.

"जातो, देवराव."

पाच-दहा पावलं गेल्यावर मामाच्या डोक्यात तो शब्द पेटला. तसाच अनवाणी धावला.

घाटावर धोतराची घडी होती. वर चपला. डोहावर साधा तरंगही नव्हता.

सगळ्यांनी बुड्या मारल्या. त्या दिवशी सापडला नाही. नंतरही नाही.

ज्येष्ठात डोह पार आटला आणि डोंगा उघडा पडला. आत कुणीच नव्हतं. फळीवर बोटभर गाळ बसला होता. फक्त दोन जागा स्वच्छ होत्या... एकमेकींना लागून. रोज कुणी बसत असावं, तशा घासून गुळगुळीत.

डोंगा कुणी काढला नाही. काठावरून सगळे परतले.

मामा आज म्हातारा झालाय, पण घरून निघतो तो मुक्यानं. मामी दारात उभी राहून शब्दाची वाट पाहते, आणि तो तसाच निघून जातो. परवा मी त्याला विचारलं, एवढ्या वर्षांनी कसली भीती?

मामानं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "येतो म्हनलं तं थे आयकते. जातो म्हनलं तं तुई मामी आयकते."